आमच्या नातीचा पिवळा गुलमोहर

केंके विकणाऱ्या बाईने पानात आंबवलेल्या मक्याचे गोळे आणि तळलेली मासळी बांधता बांधता मला विचारलं, "साहेब, झाडाची तब्येत कशी आहे?"

त्या दिवसांत मी नातीच्या तब्येतीचं उत्तर ओठांवर तयार ठेवूनच घराबाहेर पडत असे. वजन, जावळ, शिंका, जांभया, जे विचाराल ते. पण झाडाची तब्येत हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला. मी "उत्तम" म्हणालो. त्यावर बाईने आणखी एक मासा पुड्यात टाकला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. ही बाई सुतकाच्या घराखेरीज कोणाला फुकट मासा देत नाही, हे आमच्या सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मी तडक घर गाठलं.

गुलमोहराची खालची पानं पिवळी पडली होती. आणि ती म्हणे आठवडाभर तशीच होती. माझ्या बायकोने, आरबाने, पाहिली होती. जावयाने पाहिली होती. समोरच्या शिंपिणीने तर येणाऱ्या गिऱ्हाइकांना बोट करून दाखवली होती. मलाच तेवढं कोणी सांगितलं नाही, कारण मी म्हणे हवालदिल होतो. आता मी विमा कचेरीत सहायक व्यवस्थापक आहे. दुसरे हवालदिल होतात तेव्हा त्यांना शांतपणे फॉर्म देणं हा माझा धंदा आहे. मी अजिबात हवालदिल झालो नाही. फक्त मासळीचा पुडा त्या झाडाच्या कठड्यावर विसरलो आणि तो मांजरीने नेला.

गुलमोहर माझा, असं मी म्हणतो तेव्हा 'माझा' हा शब्द जपून वापरतो, कारण केप कोस्टच्या आम्हा फांटी लोकांत बापाचं असं फार काही नसतं. आमच्याकडे मूल आईच्या घराण्याचं. ऐकायला हे छान वाटतं, पण जरा धागा धरून पुढे जा. आरबा तिच्या आईच्या घराण्याची. म्हणून माझी मुलगी एकुआ आरबाच्या घराण्याची. म्हणून एकुआची मुलगी अडोमा, माझी पहिली नात, तीही त्याच घराण्याची. त्या घराण्याचा कर्ता आरबाचा थोरला भाऊ क्वामिना. त्याला सगळं घर मामा म्हणतं आणि घराचं बघून मीही मामाच म्हणतो. पोरांनी शाळेत कुठे जायचं, लग्न कुणाशी करायचं, कोणाच्या मयताला कोणतं कापड नेसायचं, सगळ्यात मामांचा शब्द शेवटचा. मुलाचं नाव ठेवण्याचा मान बापाचा. तो आमच्या जावयाने, फिफीने, त्याच्या आजीचं नाव देऊन घेतला. राहिला आईचा बाप. त्याच्याकडे मंडपाचं आणि भाड्याच्या खुर्च्यांचं बघायचं काम असतं. बारशाच्या दिवशी मी खुर्च्या मोजत होतो तेव्हा आत नातीला पहिल्यांदा मांडीवर घेण्याचा सोहळा उरकला होता.

म्हणून नाळ पडली तेव्हा मी संधी साधली.

बाळाची नाळ जमिनीत पुरायची, वर झाड लावायचं, आणि ते झाड त्या बाळाचं. बाळ वाढेल तसं ते वाढणार. मामा म्हणाले, नाळ घराण्याच्या मूळ घरी पुरायची, तिथे नारळांची अख्खी रांग आहे. फिफीची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई हॅना, म्हणाल्या की नाळ कोळीवाड्यात त्यांच्या दारात पुरायची, तिथेही नारळच आहे. बैठकीच्या खोलीत दोन्ही नारळांची दुपारभर झुंज चालली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ, असं शहाणी माणसं सांगून गेली आहेत. तिसरा मागच्या दाराने अंगणात गेला. तिथे माझ्या वडिलांनी बांधलेला पाण्याचा जुना हौद होता. कमरेइतका जमिनीत, गुडघाभर कठडा वर. आरबाने मिरच्या लावायला म्हणून तो मातीने भरून ठेवला होता. मी त्यात नाळ पुरली, वर गुलमोहराचं रोप लावलं आणि हात धुऊन आत जाऊन बसलो. पुरलेली नाळ, झाड जिवंत असेपर्यंत, उकरायची नसते. मामा कठड्याशी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "नारळ तरी लावायचास. ह्याची शेंग कोण खाणार?"

मी त्यांना सांगितलं की नारळ डोक्यात पडून झालेल्या अपघातांचे दावे माझ्या टेबलावर येतात. गुलमोहर डोक्यात पडत नाही. पडलीच तर पाकळी पडते. मामांना हे पटलं नाही, पण मला त्या दिवशी कोणाला काही पटवायचं नव्हतंच. मी इतका खूश होतो की रात्री जेवताना गाणं म्हटलं. हौदाला मी चुना दिला. शेजारी एक स्टूल मांडलं आणि त्यावर जिनची चौकोनी हिरवी बाटली आणि एक पेला ठेवला, कारण आमच्याकडे पूर्वजांना घोट दिल्याशिवाय कुठल्याच शुभ गोष्टीला हात लावत नाहीत. बाळाला बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी झाडाशी जायचा, पेला तिरका करून म्हणायचा, "आजोबा-पणजोबांनो, या, प्या, ह्या पोरीला सांभाळा," आणि मग आत यायचा. अडोमाला बघायला अख्खं गाव लोटलं होतं. पाहुण्यांना मीच आधी अंगणाकडे वळवायचो, हे इथे नम्रपणे नमूद करतो.

आणि आता पानं पिवळी. आमच्याकडे बाळाचं झाड पिवळं पडलं की लोक झाडाकडे बघत नाहीत, बाळाकडे बघतात. अडोमा गुटगुटीत होती, पण येणारी प्रत्येक बाई तिच्या डोळ्यांचं पांढरं निरखायला लागली. एकुआने तिला दिवसातून तीनदा उजेडात नेऊन बघायला सुरुवात केली. मी कचेरीतून रजा काढली आणि शास्त्रशुद्ध मदत मिळवायची ठरवलं.

शेतकी कचेरीतल्या गृहस्थाने माझं सगळं ऐकून विचारलं, "खायचं आहे का?"

"काय?"

"झाड. आम्ही मका, कसावा, केळी, कोको बघतो. खायचं असेल तर बोला."

मी म्हटलं शोभेचं आहे. मग उद्यान विभाग, तिसरी इमारत. तिथल्या बाईंनी विचारलं, झाड कुंपणाच्या आत की बाहेर? त्या फक्त बाहेरच्या शोभेचं बघतात, आतली शोभा ज्याची त्याची. मी कुंपण आत सरकवायची तयारी दाखवली. त्यावर त्यांनी अगदी मनापासून सांगितलं की कुंपणाचं खातं वेगळं आहे आणि तिथले साहेब सध्या एका मयताला गेले आहेत. शेवटी मी हात टेकले आणि खरं काय ते सांगितलं, की बाई, नातीची नाळ आहे त्याच्याखाली. त्यांनी चष्मा काढला. "अहो, मग कचेऱ्या काय झिजवताय? मामाला विचारायचं ना."

एवढ्या मोठ्या सरकारी इमारतीतूनही मला मामाच मिळाला.

मामा बोलावण्याची वाट बघतच होते. खांद्यावरून कापड टाकून, काठी टेकत, काखेत स्वतःची बाटली घेऊन आले. झाडाला एक प्रदक्षिणा घातली आणि निदान केलं की पूर्वजांना कमी पडतंय. पाहुणे थेंब थेंब शिंपडतात, एवढ्याने त्या सगळ्या मंडळींचं काय होणार? त्यात आरबाचे एक पणजोबा नावाजलेले पिणारे होते. आजपासून सकाळी भरलेला पेला, संध्याकाळी भरलेला पेला. पहिला पेला त्यांनी स्वतः ओतला आणि पूर्वजांची नावं घेता घेता दुसराही ओतला.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या. त्या ख्रिस्ती देवळातल्या बायकांच्या प्रार्थना मंडळाच्या प्रमुख आहेत आणि स्टुलावरच्या बाटलीकडे त्यांनी असं पाहिलं की बाटलीने मान खाली घालावी. दारूने कुणाचं भलं झालंय, हा त्यांचा प्रश्न होता. घामोळ्यापासून दृष्ट लागण्यापर्यंत सगळ्यावर त्यांच्याकडे एकच औषध असतं, समुद्राचं पाणी, त्यावर प्रार्थना म्हणून. पिवळा कॅन भरून त्यांनी ते रिक्षातून आणलं होतं. भजन म्हणत म्हणत त्यांनी सगळा कॅन झाडाला घातला. भजनाला कडवी बरीच होती.

मी कोणाला नाही म्हणणार? मामांना नाही म्हटलं तर बायकोचं माहेर दुखावतं. विहीणबाईंना नाही म्हटलं तर लेकीचं सासर. तेव्हा सकाळ-संध्याकाळ जिन, मधल्या वेळेत समुद्र, असं झाडाचं वेळापत्रक ठरलं. पानं आणखी पिवळी पडली की मामा पेला वाढवायचे आणि विहीणबाई कॅन.

ह्यात आमचे शेजारी ब्लँक्सन मास्तर मागे राहिले असते तर नवल. मास्तर शास्त्र शिकवून निवृत्त झालेत, पण निवृत्त फक्त शाळेतून. भिंतीवरून डोकं काढून त्यांनी मला दारू आणि प्रार्थना ह्या दोन्ही अंधश्रद्धांवर एक धडा दिला आणि मग खरं कारण सांगितलं. लोह कमी आहे. मुळांशी गंजके खिळे पुरायचे, गंज मातीत उतरतो, पान हिरवं होतं. त्यांनी पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले खिळे मला दिले, हे उसने आहेत असं दोनदा बजावलं, आणि आपली शेळी माझ्यावर सोपवल्यासारखं करून थोरल्या मुलीकडे ताकोराडीला निघून गेले. शेळी कोणाच्याच हाताला लागत नसे, तेव्हा सोपवणं नावालाच. मी खिळे गोलाकार पुरले. शास्त्र म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही.

खिळे पुरल्यावर वरचा शेंडाही पिवळा झाला. समोरच्या शिंपिणीने मला त्याच रंगाचं कापड दाखवून सदरा शिवायचा का विचारलं. मी आत निघून गेलो.

आणि मग मामांची काठी खिळ्याला लागली.

ते रोजच्यासारखे पेला ओतून माती सारखी करत होते. खट्ट आवाज झाला. त्यांनी वाकून ओढला, तर बोटभर लांबीचा गंजका खिळा. मग दुसरा. मग तिसरा. नातीच्या नाळेभोवती लोखंडाचं वर्तुळ. आमच्या भागात हे सापडलं की कोणी शास्त्राचं नाव घेत नाही. एकुआने अडोमाला छातीशी घट्ट धरलं. मामा कुणाचंही नाव न घेता, तिथे पडलेल्या पिवळ्या कॅनकडे बघत बोलायला लागले. आणि कॅन कोणाचा हे सगळ्यांना माहीत होतं.

मी लगेच सांगायला तोंड उघडलं. पण मामा बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं, आणि मामा बोलायचे थांबत नाहीत. ते बोलत बोलतच फाटकाबाहेर गेले. जाताना सांगून गेले की रविवारी घराण्याची बैठक इथेच अंगणात होईल आणि विहीणबाईंनीही यावं.

घरात चूल पेटली, पण कोणी नीट जेवलं नाही. फिफी ताट घेऊन बाहेर पायरीवर बसला. माझ्या आईला चेटकीण म्हणतात आणि तू गप्प बसतेस, असं तो एकुआला म्हणाला. ती रडली. मी आरबाला सांगितलं की खिळे मास्तरांचे आहेत आणि मी पुरले आहेत, आत्ताच जाऊन मामांना सांगतो. आरबाने डोकं हलवलं. "आता तू सांगितलंस तर मामा म्हणतील, व्याह्यांना वाचवायला खोटं बोलतोय. मास्तर रविवारी येतायत. त्यांच्याच तोंडून येऊ दे." माझ्या घरातलं गुपितही मला माझ्या तोंडाने सांगता येत नव्हतं. त्या आठवड्यात मी कचेरीत एका बाईचा दावा न वाचताच मंजूर केला, इतका मी खचलो होतो.

रविवारी देवळातून सगळी थेट आमच्याकडे आली. मी खुर्च्या मांडल्या. बैठकीत घराण्याच्या कर्त्याशी समोरासमोर बोलायचं नाही, मध्ये एक माणूस ठेवायचा आणि त्याच्यामार्फत बोलायचं, अशी आमची रीत. मध्ये आरबा बसली. म्हणजे मामा माझ्यापासून हाताच्या अंतरावर आणि मी आरबाला सांगणार, आरबा त्यांना. ही पद्धत मला एरवी आवडते, कारण आरबा मधल्या मध्ये वाक्यांना इस्त्री करते. मी म्हणालो, "सांग त्यांना, काठीने माती उकरायला कोणी सांगितलं होतं?" तिने सांगितलं, "मामा, एबो म्हणतोय तुम्ही झाडाची फार काळजी घेतलीत."

मामांनी काठी टेकली. "आरबा, तुझ्या नवऱ्याला सांग, झाड काही जगत नाही. ह्या अंगणात पोरीवर कोणीतरी डाव टाकलाय. नाळ आज आम्ही मूळ घरी नेणार."

विहीणबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी मध्यस्थाची रीत वगैरे काही पाळली नाही. "कोणीतरी म्हणजे कोण? नाव घ्या. मी गुडघे टेकून टेकून त्या कॅनमधल्या पाण्यावर प्रार्थना केली आहे. माझ्या आईचं नाव आहे त्या पोरीला."

कोणी काही बोलायच्या आत भिंतीवरून मास्तरांचं डोकं वर आलं. प्रवासाची टोपी अजून डोक्यावर होती.

"एबो, माझे खिळे उकरून ठेवलेत ना? मोजून दिले होते."

अंगणात इतकी शांतता पसरली की आत अडोमाची उचकी ऐकू आली. मास्तरांना शांतता दिसली की ते शिकवायला लागतात. त्यांनी लोह, गंज आणि हरितद्रव्य ह्यांवर सगळ्या घराण्याला धडा दिला. विहीणबाई हळूच खाली बसल्या आणि मामांकडे बघत राहिल्या. मामा खिळ्यांकडे बघत राहिले. फिफीने पायरीवरून उठून एकुआच्या शेजारी खुर्ची ओढली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मास्तरांनी धडा आवरून इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि माझी शेळी कुठे आहे?"

शेळी हौदात होती. झाडाच्या खोडाला डोकं टेकून आडवी पडली होती. आम्ही सगळे पंचायत करत बसलो होतो आणि कठड्याच्या आत कोणी वाकून पाहिलंच नव्हतं. जी शेळी आयुष्यात कोणाच्या हाताला लागली नाही ती मास्तरांनी अंगणात येऊन कान धरून उठवली तरी हसऱ्या चेहऱ्याने परत झोपली. मास्तरांनी तिचं तोंड हुंगलं.

"हिला जिन कोणी पाजली?"

मी वाकलो. मातीवर टाचभर पाणी साचलं होतं. मिठाच्या ओढीने शेळी आली असणार आणि पुढचं तिला गोड लागलं असणार. मी त्यात बोट बुडवलं आणि वास घेतला. माझ्या वडिलांचा हौद. थेंब गळत नाही म्हणून ते पाहुण्यांना दाखवायचे, तो हौद. मला एकदम सगळं लख्ख दिसलं आणि मी धावत आपल्या खुर्चीत येऊन बसलो, कारण रीत म्हणजे रीत.

"आरबा, मामांना सांग, झाड बुडून मरतंय. इतक्या दिवसांची सगळी जिन आणि सगळा समुद्र त्या हौदातच आहे."

मामांचा चेहरा काळवंडला. त्यांनी आरबाकडे न बघता थेट मलाच विचारलं, "म्हणजे आमच्या पूर्वजांना दिलेल्या घोटाने पोरीचं झाड मेलं, असं म्हणायचंय तुला?"

ह्या प्रश्नाला हो म्हणणारा माणूस केप कोस्टमध्ये पुन्हा कुठल्याही मयताला जाऊ शकत नाही. पण नाही म्हटलं तर संध्याकाळी पेला पुन्हा भरला जाणार.

"पूर्वजांना दोष नाही, मामा. त्यांच्यापर्यंत काही पोचलंच नाही. हौदाला तळ आहे. पक्कं सिमेंट. बारशापासून आजपर्यंत जमिनीत एक थेंब उतरलेला नाही. पूर्वज आजही तहानलेले आहेत, आणि ते माझ्यामुळे. जागा मी निवडली."

मामांचा हात आपोआप छातीवर गेला. इतके दिवस, सकाळ-संध्याकाळ नावं घेऊन हाका मारलेले आजोबा-पणजोबा, ते नावाजलेले पिणारेसुद्धा, खाली जीभ बाहेर काढून बसलेले, हे चित्र त्यांना सोसवेना. घराण्यातल्या म्हाताऱ्या माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी सहायक व्यवस्थापकाची सगळी प्रतिष्ठा त्या हौदातच बुडाली. मामा सावकाश म्हणाले, "तर मग हे झाड चुकीच्या जागी आहे. नाळ हलवायलाच हवी. आरबा, सांग तुझ्या नवऱ्याला."

तिथे माझा तोल गेला. मी उठलो नाही, आवाजही चढवला नाही.

"आरबा, तुझ्या भावाला सांग. तू तुमची. एकुआ तुमची. अडोमाही तुमची. मी मेलो की ह्या घरावर माझे भाचे येऊन बसतील. मी कधी हू की चू केलं नाही. खुर्च्या मांडत आलो. पण हे झाड मी लावलं. ह्या पोरीच्या बाबतीत मला मिळालं ते एवढंच. हौद फोडा, मला काय वाटेल ते बोला. पण झाड इथेच राहील. मेलं तर मी त्याच्या काडीला पाणी घालीन."

मी आरबाच्या इस्त्रीची वाट पाहत होतो. तिने इस्त्री केली नाही. ती भावाकडे वळली आणि माझं वाक्यन् वाक्य, एक शब्द न बदलता, त्याला सांगितलं. 'खुर्च्या मांडत आलो' म्हणताना तिचा आवाज फाटला. शेवटच्या वाक्याला तिने जरा थांबून श्वास घेतला आणि तेही सांगितलं.

मामांनी खांद्यावरचं कापड काढून घडी केली आणि विहीणबाईंच्या हातात दिलं. "धरता का जरा?" त्या दोघांमधलं भांडण मिटलं ते असं, एवढ्याच शब्दांत. मग मामा म्हणाले, "पहार आणा."

पुढचं काय सांगू! देवळातले कपडे घातलेली माणसं मातीत उतरली. नाळेला धक्का लागू नये म्हणून आम्ही हौदाच्या बाहेरून खणत गेलो. फिफीने खणलं, मी खणलं, मास्तर पुन्हा भिंतीवरून कोन सांगत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. वडिलांचं काम खरोखर पक्कं होतं, पहारीने ठिणग्या उडत होत्या. शेवटी तळाशी सिमेंटला भेग गेली आणि भसकन काळं पाणी बाहेर आलं. वास असा की रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाने थांबून आज काय आहे विचारलं. मामा कमरेइतक्या खड्ड्यात उभे होते. पाणी त्यांच्या पायावरून जमिनीत मुरत गेलं आणि ते डोळे मिटून एकेक नाव घेत होते. "प्या," ते म्हणाले, "उशीर झाला, पण प्या." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी इतका हरखलो की विहीणबाईंना मिठी मारली, आणि त्यांनी मारू दिली.

हातपाय धुतल्यावर मामा पुन्हा कापड घेऊन खुर्चीवर बसले आणि सगळ्यांना गप्प केलं. निकाल असा लागला. ह्यापुढे पूर्वजांचा घोट फाटकाशी, मोकळ्या जमिनीवर. झाडाला फक्त गोडं पाणी, कारण झाड पोरीचं आहे आणि पोर अजून तान्ही आहे. नाळ हलवायची नाही.

"आणि एक," ते म्हणाले. "अडोमाला मामा आहे. एकुआला मामा आहे. ह्या झाडाला कोणी नाही, म्हणून ज्याच्या मनात आलं त्याने ह्याच्यात काहीही ओतलं. ज्याला मामा नाही त्याच्या वतीने बोलणार कोण? आजपासून ह्या झाडाचा मामा एबो. ह्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. माझ्यावरही."

घराण्यातल्या म्हाताऱ्यांनी "तसंच होवो" म्हटलं. एखाद्या बापाला आमच्याकडे मामा केल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. एकुआ आतून आली आणि तिने अडोमाला माझ्या मांडीवर ठेवलं. अंगणातल्या खुर्च्या त्या दिवशी दुसऱ्याच कोणीतरी उचलल्या, कोणी ते मी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी गुलमोहराची उरलेली सगळी पानं गळली. लोक हळहळले. मी मामा असल्यामुळे कोणाला झाडाजवळ येऊ दिलं नाही. रोज सकाळी कचेरीला जायच्या आधी मी त्या काडीला तांब्याभर पाणी घालायचो आणि दहा वेळा नखाने साल खरवडून बघायची इच्छा दाबून ठेवायचो. आणि मग एका सकाळी खोडाच्या बगलेत मुगाएवढं काहीतरी हिरवं दिसलं. मी ओरडलो. आरबा धावत आली, समोरची शिंपीण कात्री घेऊन धावत आली, मास्तरांनी भिंतीवरून ते खिळ्यांमुळेच झालं असं जाहीर केलं. मी त्याच पावली केंकेवालीकडे गेलो, तिने न विचारताच तिला झाडाची तब्येत सांगितली आणि मासळीचे पैसे मोजून दिले.

बातमी मूळ घरी पोचायला वेळ लागला नाही. दुपारच्या आत मामा आले. आनंदात होते, काठीही विसरले होते. फाटकातून तरातरा थेट झाडाशी गेले, हिरव्या कोंबाकडे बघून डोळे पुसले, आणि सवयीने काखेतली बाटली काढून बूच उघडलं. हात तिरका होणार एवढ्यात त्यांना आठवलं. ते तसेच थांबले. बाटली हातात, मान माझ्याकडे वळलेली.

"मामा," ते मला म्हणाले, "एक थेंब चालेल का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. घराण्याच्या कर्त्याने विचार करायला वेळ घ्यायचा असतो, हे मी इतकी वर्षं त्यांच्याकडूनच शिकलो होतो. मी झाडाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, दाढी खाजवली. मामा अदबीने उभे होते.

"नाही," मी म्हणालो, आणि आतून दोन पेले घेऊन आलो.